डाव्या हाताची धावपट्टी

हार्टमुट ताटातली डावी बाजू खात नाही. मसुराची उसळ उजवीकडे वाढली तर चाटूनपुसून संपवतो, आणि डावीकडचं सॉसेज तसंच ठेवून मला विचारतो, "आज सॉसेज नाही केलंस?" मग मी ताट अर्धं फिरवते. सॉसेज दिसलं की तो खायला लागतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. पाय परत आला, हात बराचसा परत आला, तोंडाची डावी बाजू थोडी लोंबते तेवढीच. पण डावीकडचं जग काही परत आलं नाही. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डोळे उत्तम आहेत त्यांचे. मेंदू डावी बाजू हिशेबात धरत नाही. आणि आपण काही धरत नाही आहोत, हेही त्याला कळत नाही." ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. डॉक्टरबाईंना, मला, आणि सांगूनही ज्याला ती कबूल नव्हती त्या हार्टमुटला. ग्लायडिंग क्लबात त्याने सांगून टाकलं होतं की हात जरा कमजोर आहे म्हणून परवाना काढून घेतलाय, सुधारतोय, बघू.

छत्तीस वर्षं त्याने या गावच्या क्लबात उडायला शिकवलं. आल्बच्या डोंगररांगेच्या या टोकाला आज जे कोणी पंख लावून फिरतात, त्यातले निम्मे त्याच्या शिव्या खाऊन मोठे झालेत. परवाना गेल्यावर तो दोन महिने खिडकीशी बसून होता. मग शेजारच्या क्लबातल्या एका मोडक्या मोटर-ग्लायडरचा पुढचा भाग त्याने करवतीने कापून आणवला, तळघराच्या खिडकीतून आत घेतला, समोर तीन पडदे लावले, आणि या सिम्युलेटरवर घरातच उडायला लागला. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, खरी दांडी, पंखांवरच्या ब्रेकची खरी कडी. आमची धावपट्टी, विमानं ठेवायचा लाल छपराचा हँगर, गावातल्या चर्चचा मनोरा, सगळं पडद्यावर जसंच्या तसं. हवा बदलायला एक वेगळी टॅबलेट होती. तिच्यावर वारा, ढग, पाऊस, काय हवं ते बोटाने लावता येतं. ती माझ्या हातात दिली गेली. कॉफीची किटली माझ्या हातात असते तशी.

रोज सकाळी दहा वाजता खालून आवाज यायचा, "रोझी! हवा!"

मी खाली जायची, टॅबलेट घ्यायची आणि विचारायची, "कुठला वारा?"

"पश्चिमेचा. हलका."

रोज पश्चिमेचा. त्याचं कारण मला पहिल्या आठवड्यातच कळलं. आमच्या पट्टीच्या दक्षिणेला गाव आहे. गावावरून उडायचं नाही, आवाज होतो, लोक तक्रारी करतात, म्हणून उतरण्याआधीचा फेरा नेहमी उत्तरेकडून, जंगलावरून मारायचा असा आमचा नियम. पश्चिमेचा वारा असला की त्या फेऱ्यातली सगळी वळणं उजवीकडे, आणि पट्टी सतत उजव्या हाताला दिसत राहते. पूर्वेचा वारा असला की सगळं उलटं. वळणं डावीकडे, पट्टी डाव्या हाताला. आमच्याकडे वर्षातले बहुतेक दिवस वारा पश्चिमेचाच, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. हार्टमुट रोज सुंदर उतरायचा. उतरला की म्हणायचा, "बघितलंस? हात विसरत नाही."

मीही एकदा उडत होते. माणसं हे ऐकून हसतात, कारण चाळीस वर्षं त्यांनी मला ट्रेलर ओढणारी बाई म्हणूनच पाहिलंय. बिनइंजिनाचा ग्लायडर वारा संपून कुठेतरी शेतात उतरला की कोणीतरी गाडीला लांब ट्रेलर जोडून तो आणायला जावं लागतं. हार्टमुट हौसेने लांब लांब जायचा आणि मक्याच्या, बीटाच्या, कोबीच्या शेतात उतरायचा. मी जायची. पोटात मुलगी असताना गेले, आईच्या दफनाच्या दिवशी गेले, ताप असताना गेले. एकदा बवेरियातल्या एका शेतकऱ्याने मला पाहून विचारलं होतं, "तुम्हाला पगार मिळतो का?"

पण १९८३ च्या उन्हाळ्यात मी एकटी उडाले. तीन फेऱ्या, तीन वेळा सरळ उतरले. आमच्यात रीत आहे: पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याच्या हातात काटेरी झुडपांचा गुच्छ देतात, तो घट्ट धरायचा, आणि वाकून उभं राहायचं. मग क्लबातला प्रत्येक जण येऊन बुडावर एक चापट मारतो. का, तर वर चढणारी हवा उडणाऱ्याला आधी बुडाला कळते, म्हणून बुड जागं करायचं. अकरा जणांनी मारल्या. सगळ्यात जोरात हार्टमुटने मारली. तो माझा शिक्षकही होता आणि नवराही. हातातून रक्त येत होतं आणि मी हसत होते. इतकी खूष मी नंतर कधी झाले नाही, मुलगी झाली तेव्हासुद्धा नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

परवान्याच्या परीक्षेआधी दुसऱ्या क्लबातला एखादा शिक्षक तपासणी करतो. आमच्याकडे डीट्मार नावाचा एक लंबू माणूस आला, माझ्यासोबत दोनदा उडाला, काही न बोलता वहीत काहीतरी लिहून गेला. वह्या शिक्षकाच्या कपाटात असतात. संध्याकाळी हार्टमुट मला म्हणाला, "अजून नाही, रोझी. डीट्मार म्हणतो तुला हवा जाणवत नाही. दोन वर्षं थांब." मी रडले, मग थांबले, मग मुलगी झाली, मग थांबायची गरजच राहिली नाही. मला हवा जाणवत नाही, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की लोकांना ते माझं नाव असल्यासारखं माहीत आहे.

मागच्या हिवाळ्यात सिम्युलेटरला जागा करायला मी तळघरातली खोकी उपसत होते. जुन्या नकाशांच्या खोक्यात माझी वही सापडली. डीट्मारचं तिरकं अक्षर, तारीख, सही: "शांत हात. हवेची उत्तम जाण. परीक्षेसाठी तयार." हार्टमुटने ती फाडली नव्हती. सही असलेला कागद फाडणं या माणसाला जमत नाही. खोटं बोलणं जमतं, बायकोला चाळीस वर्षं मक्याच्या शेतात बोलावणं जमतं, पण कागद फाडणं जमत नाही. मी वही एप्रनच्या खिशात घातली, वर गेले आणि बटाटे सोलले. सालं जाड निघत होती.

मी बोलले नाही. भांडून काय मिळणार होतं? सत्तरीच्या आजारी माणसावर ओरडलं की आपणच वाईट ठरतो. म्हणून थांबले. थांबायचं शिक्षण त्यानेच मला दिलं होतं.

ऑक्टोबरमध्ये क्लबचा अध्यक्ष फोल्कर फोनवर म्हणाला की हिवाळ्यात नव्या लोकांना शिकवायला जागाच नाही, हार्टमुटच्या तळघरात दर शनिवारी वर्ग घेता येतील का? शिक्षक अर्थात हार्टमुट. सिम्युलेटरला परवाना लागत नाही. फक्त मंडळातले दोघं जण कुरकुर करताहेत, म्हणून फोल्कर एकदा येऊन त्याचं उडणं बघून जाईल. "नुसती औपचारिकता आहे रे," तो म्हणाला.

हार्टमुटने फोन ठेवला आणि माझ्यासमोर रडला. एकाच डोळ्यातून पाणी आलं. "रोझी, मला परत घेताहेत," तो म्हणाला. पुढचे तीन आठवडे तो दिवसातून चार चार वेळा उतरत होता. क्लबचं निळं जाकीट त्याने मला इस्त्री करायला लावलं. हा वर्ग मिळाला तर तो जगणार, नाही मिळाला तर पुन्हा खिडकी, हे मला स्वच्छ कळत होतं. तेवढ्यासाठीच तर मी तोवर थांबले होते.

शनिवारी तीन वाजता फोल्कर आला. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, हार्टमुटचाच विद्यार्थी. मी आलुबुखाराचा केक केला होता. हार्टमुटने उजवीकडचा खाल्ला, मी बशी फिरवली, फोल्करला वाटलं मी त्याला जास्तीचं वाढतेय.

"चला गुरुजी," फोल्कर म्हणाला, "दाखवा काय शिल्लक आहे ते."

"तुझ्यापेक्षा जास्तच शिल्लक आहे," हार्टमुट म्हणाला. "तुला अजून उतरताना बेडकासारख्या उड्या मारताना बघतो मी."

दोघं खाली बसले. हार्टमुट डाव्या खुर्चीत, फोल्कर उजव्या. मी मागे स्टुलावर टॅबलेट घेऊन. हार्टमुट मान न वळवता म्हणाला, "पश्चिमेचा. हलका."

"लावला," मी म्हटलं. लावला होता खरंच.

तो इंजिनावर वर चढला, आल्बच्या कड्यावर गेला, इंजिन बंद केलं आणि नुसत्या पंखांवर तरंगायला लागला. खरंच सुंदर उडत होता. फोल्करने खिशातून कागद काढला, त्यावर दोन बरोबरच्या खुणा केल्या आणि परत ठेवला.

"आता इंजिन लावून उतरू?" फोल्करने विचारलं.

"इंजिन लावून कोणीही उतरेल. मी तसाच उतरतो."

इंजिन बंद म्हणजे पुन्हा वर जाऊन दुसरी संधी घेणं नाही. एकदाच. हे त्याने स्वतःच्या तोंडाने मागून घेतलं. मी बोट टॅबलेटवर ठेवलं आणि वारा पूर्वेकडे फिरवला. हलका नाही, चांगला दणदणीत.

पडद्यावर पट्टीशेजारची वाऱ्याची पिशवी हळूहळू वळली.

"अरे, पूर्वेचा झाला," फोल्कर म्हणाला. मग मागे वळून माझ्याकडे बघून हसला. "शाब्बास रोझी! सगळे गाढव पश्चिमेलाच सराव करतात. हीच खरी परीक्षा."

हार्टमुटची मान मागून ताठ झालेली मला दिसली. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. पूर्वेचा नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं. एक वाट होती: दक्षिणेकडून, गावावरून फेरा मारायचा, म्हणजे पट्टी उजव्या हाताला आली असती. त्याची दांडी एक क्षण तिकडे झुकली. पण गावावरून उडणाऱ्याला त्याने आयुष्यभर सोललं होतं. याच फोल्करला त्याने एकदा त्या पापासाठी क्लबातली सगळी विमानं धुवायला लावली होती. दांडी परत आली, आणि तो जंगलावरून निघाला.

डाव्या पडद्यावर पट्टी लख्ख दिसत होती. हिरवी, सरळ, लाल छपराचा हँगर शेजारी. त्याने एकदाही तिकडे पाहिलं नाही. त्याच्यासाठी तिकडे काही नव्हतंच. तो ओठांतल्या ओठांत सेकंद मोजायला लागला, आमच्याकडे मोजतात तसे एकवीसपासून, "एकवीस, बावीस, तेवीस..." तो मोजणार हे मला माहीत होतं. सगळा फेरा त्याला सेकंदांवर पाठ होता. म्हणूनच मी वारा हलका ठेवला नव्हता. मागून येणाऱ्या त्या वाऱ्याने तो प्रत्येक सेकंदाला मोजल्यापेक्षा पुढे ढकलला जात होता.

"आता वळ ना," फोल्कर हळूच म्हणाला.

"मला शिकवतोस?"

तो वळला. उशिरा वळला, पण बरोबर डावीकडे वळला, आणि पट्टी मधल्या पडद्यावर येण्याची वाट बघू लागला. ती येत नव्हती. ती डावीकडेच होती, मागे मागे सरकत होती.

"हार्टमुट, डावीकडे."

"बघतोय."

"पट्टी डावीकडे आहे. डावीकडे बघ!"

"बघतोय म्हटलं ना!" तो ओरडला. तो उजवीकडे बघत होता. कपाळावर घाम आला होता, आणि तो उजव्या पडद्यावर, मग मधल्या पडद्यावर, मग पुन्हा उजव्या पडद्यावर आमची धावपट्टी शोधत होता, चष्मा हरवलेला माणूस टेबलावर हात फिरवतो तसा. पट्टी ओलांडून तो दक्षिणेला गेला. मधल्या पडद्यावर चर्चचा मनोरा आला, मग बेकरीचं छप्पर, मग आमची गल्ली. मग पडदे थांबले आणि लाल अक्षरं आली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गरम पाण्याने आंघोळ केल्यासारखं वाटलं.

फोल्कर उठला, हार्टमुटच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्याने त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर खिशातलं पेन धरलं, हलवलं. हार्टमुट समोर बघत राहिला.

"फोल्कर कुठे गेला?" त्याने विचारलं.

फोल्करने पेन खिशात ठेवलं. त्याचे डोळे भरले होते. "इथेच आहे, गुरुजी," तो म्हणाला.

दारात त्याने माझे दोन्ही हात धरले. "सांगितलं का नाहीस गं? मी कशाला हा तमाशा लावला असता? आता वर्ग देता येणार नाही, कळतंय ना तुला? मंडळाला मी प्रकृतीचं कारण सांगतो."

"त्याला वाईट वाटलं असतं," मी म्हटलं.

"देवमाणूस आहेस तू, रोझी," फोल्कर म्हणाला, आणि गाडीत बसून नाक शिंकरून गेला.

मी खाली गेले. हार्टमुट अजून तिथेच होता. लाल अक्षरं तशीच होती.

"वारा तू फिरवलास," तो म्हणाला.

"हो."

"मुद्दाम?"

मी एप्रनच्या खिशातून वही काढली, त्या पानावर उघडली आणि त्याच्या उजव्या हाताला ठेवली, म्हणजे दिसेल. त्याने वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"सापडली होय," तो म्हणाला.

"का केलंस?"

तो गोंधळला. माझा प्रश्न त्याला खरंच कळला नसावा. "तू उडायला लागली असतीस, तर मला आणायला कोण आलं असतं?"

"एवढंच?"

"मग आणखी काय? क्लबात दुसरी एकही बाई एवढा लांब ट्रेलर नीट मागे घेऊ शकत नव्हती."

"लाज नाही वाटली?"

"वाटली की. पहिल्या वर्षी वाटली. मग तू उडायचं नावच काढेनाशी झालीस." तो पडद्याकडे बघत होता. "आज तू जे केलंस ते बरोबरीचं झालं म्हणतेस?"

"नाही. तू चाळीस वर्षं उडालास."

"माफी मागितली असती तर वारा तसाच ठेवला असतास?"

मी विचार केला. "नाही," मी म्हटलं.

"मग मागून काय उपयोग." तो कसाबसा सरकत सरकत उजव्या खुर्चीत गेला, शिक्षकाच्या. डावी खुर्ची रिकामी झाली. त्या खुर्चीवर हात आपटून तो म्हणाला, "बस."

"काय?"

"बस म्हणतो. डीट्मार म्हणतो ना, उत्तम जाण! बघू दे मला. वारा पश्चिमेचा लाव, हलका."

मी बसायला नको होतं. पण सदतीस वर्षांपूर्वीची ती बाई माझ्या आत अजून वाकून उभी होती, काट्यांचा गुच्छ घेऊन, आणि ती बसली. दांडी हातात घेतली आणि इंजिन लावलं. मी वर गेले. जंगलावरून फेरा घेतला. वळणं लक्षात होती. मग पट्टी समोर आली, वेगाने मोठी व्हायला लागली, मी ब्रेकची कडी ओढली, जास्त ओढली, सोडली, पुन्हा ओढली, आणि पट्टीच्या अलीकडे, कुंपणाच्याही अलीकडे, ज्या मक्याच्या शेतातून मी त्याला दोनदा उचलून आणलं होतं तिथेच नाकावर आपटले. लाल अक्षरं.

हार्टमुट हसला. आजारानंतर पहिल्यांदा हसला, तोंडाच्या एका बाजूने, पण पोटातून. मी त्याच्या डावीकडे बसले होते, त्यामुळे मी त्याला दिसत नव्हते, तो पडद्याकडे बघूनच हसत होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "डीट्मारला काय कळतंय! दोनदा उडून काय कळतं माणसाला! मी खोटं बोललोच नव्हतो, रोझी. तुला हवा जाणवत नाही."

इतक्या वर्षांनी, एका फेरीत, कोणालाही जमलं नसतं. हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आणि तरीही मला तेव्हासारखंच रडू आलं, आणि मी ते गिळलं.

"जाणवत नसेल," मी म्हटलं. "मला शिकवणारा तूच होतास ना. तुला शिकवताच येत नव्हतं, हार्टमुट. तुझ्या हाताखालून गेलेली सगळी माणसं दुसऱ्यांकडे जाऊन शिकली. आज दारात फोल्कर हेच म्हणाला. बरं झालं, म्हणाला, आता नव्या लोकांना तुझ्यापासून वाचवलं."

यातला एकही शब्द खरा नव्हता. त्याच्याइतका चांगला शिक्षक मी पाहिला नाही. मला एका उन्हाळ्यात त्याने जे शिकवलं, ते इतकं नीट शिकवलं होतं की फेऱ्यातली वळणं आजही हाताला पाठ होती.

त्याचं हसू ओसरायला वेळ लागला. मग त्याने मला शोधायला मान वळवली, उजवीकडे, जिथे मी नव्हते.

"फोल्कर असं म्हणाला?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि बटाटे लावायला वर गेले.